तासाभराच्या व्याख्यानाने मन खंबीर होत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

एसएसएलसीची, म्हणजे कर्नाटकातल्या दहावीची परीक्षा तोंडावर आली की बेळगाव जिल्ह्यात खानापूरपासून निपाणीपर्यंत शाळाशाळांतून तणावमुक्तीच्या व्याख्यानांचा हंगाम सुरू होतो. पाहुण्यांना शाल-श्रीफळ, मुलांना 'डोळे मिटा, दीर्घ श्वास घ्या', शेवटी फोटो. अशा एका कार्यक्रमात मी मागे बसले होते. शेवटच्या बाकावरची दोघे एक डोळा किलकिला ठेवून एकमेकांना चिमटे काढत होती. आणि बापाच्या कर्जापायी शाळा सुटेल या धास्तीत असलेली मुलगी त्या दिवशी आलीच नव्हती.

आयोजकांचा हेतू चांगलाच असतो. पण ब्रिटनमधल्या 'मिरियड' चाचणीत एका व्याख्यानावर न थांबता शिक्षकांनी मुलांना सजगतेचे (माइंडफुलनेस, म्हणजे आत्ताच्या क्षणावर लक्ष ठेवण्याचे) १० धडे दिले. ८४ शाळा, ८ हजारांहून अधिक मुले. २०२२ मध्ये निष्कर्ष आला, तो असा की नेहमीप्रमाणे चाललेल्या शाळांतल्या मुलांपेक्षा यांची मने काही जास्त खंबीर झाली नाहीत. मग आपल्या तासाभराने काय होणार?

बिहारमध्ये ७४ शाळांत झालेला अभ्यास मला जास्त बोलका वाटतो. एकच कार्यक्रम काही शाळांत शिक्षकांनी राबवला, तर काही शाळांत त्यासाठीच नेमलेल्या स्थानिक समुपदेशकांनी. समुपदेशकांच्या शाळांत वातावरण सुधारले, दादागिरी आणि नैराश्य कमी झाले. शिक्षकांच्या शाळांत फरक पडला नाही. जन्मभर खडू हातात धरलेल्या मला हे टोचते, पण नवल वाटत नाही. गणना, निवडणूक, पोषण आहाराचा हिशेब यातून मास्तर मोकळा होतो कधी?

चोर्ला घाट उतरला की गोवा. तिथल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत तीव्र नैराश्याच्या ४९५ रुग्णांवर झालेली चाचणी २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली. समुपदेशक डॉक्टर नव्हते, प्रशिक्षण दिलेली गावातलीच माणसे होती. सहा ते आठ भेटी. मन खचल्यापासून कोणती कामे सुटली, कोणाकडे जाणे-येणे थांबले, ते विचारायचे. त्यातले एखादे छोटे काम पुन्हा धरायला लावायचे. पुढच्या भेटीत 'जमले का, कुठे अडले' अशी चौकशी करायची. तीन महिन्यांनी या गटातले ६४ टक्के रुग्ण नैराश्यातून बाहेर आले होते. नुसत्या नेहमीच्या उपचारांवर असलेल्यांपैकी ३९ टक्के. नैराश्य आणि परीक्षेचा ताण एक नव्हे, हे मान्य. तरी माणूस सावरतो तो कोणीतरी पुन्हापुन्हा येऊन विचारल्याने, एवढे यातून दिसते.

हे आपल्या जिल्ह्यात अशक्य नाही. देखरेखीला धारवाडची मानसिक आरोग्य संस्था जवळच आहे. मात्र आशाताईंच्या गळ्यात आणखी एक रजिस्टर बांधू नये. मानधन देऊन वेगळी माणसे नेमावीत, आणि ती गावची भाषा बोलणारी असावीत. यळ्ळूर-उचगावच्या बाईला कर्जाविषयी, घरातल्या धुसफुशीविषयी बोलायचे तर ते मराठीतच निघणार, जसे गोकाकच्या बाईचे कन्नडमध्ये. यात कृपया कोणी राजकारण आणू नये.

तोवर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत क्रमांक शाळांच्या फलकांवर आणि बसस्थानकांवर कन्नडबरोबर मराठीतही लिहावा. त्याला ना निधी लागतो, ना ठराव.

– एक निवृत्त शिक्षिका, खानापूर