जिमखाना फी सारखीच घेता, मग खर्चाचे दोन रकाने दाखवा

मा. उच्च व तंत्रशिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य यांस,

सविनय नमस्कार.

ग्रामीण भागातल्या एका महाविद्यालयात मी शारीरिक शिक्षण संचालक होते. मुलं ‘जिमखान्याच्या मॅडम’ म्हणायची. आता निवृत्त झाले आहे, त्यामुळे हे पत्र लिहायला कुणाची परवानगी लागत नाही.

आधी आमच्या मॅटबद्दल सांगते. कबड्डीत पुरुषांचं मैदान १३ बाय १० मीटर, महिलांचं १२ बाय ८. चढाई करणाऱ्याला ओलांडावी लागते ती निदान रेषा पुरुषांची मध्यरेषेपासून ३.७५ मीटरवर, महिलांची ३ मीटरवर. आमच्याकडे मॅट आली तेव्हा तिच्यावर रेषा मारल्या गेल्या त्या फक्त पुरुषांच्या. मुलींसाठी वेगळ्या रंगाची चिकटपट्टी लावू या म्हटलं, तर “मॅट खराब दिसेल” असं उत्तर आलं. चढाई करताना नजर समोरच्या सात जणींवर असते, खाली रेषेकडे बघायला सवड नसते. अंतर पायालाच पाठ असावं लागतं. आमच्या मुलींच्या पायाला वर्षभर चुकीचं अंतर पाठ व्हायचं आणि मग आंतरविभागीय स्पर्धेत त्या हरल्या की स्टाफरूममध्ये चर्चा व्हायची, “मुलींमध्ये जिद्दच नाही हो.”

कपड्यांचंही तेच. मुलग्यांना दरवर्षी नवं किट आणि त्यांचे गेल्या वर्षीचे टी-शर्ट मुलींना. कबड्डीत कपड्याला झालेला स्पर्शही स्पर्शच धरतात. ढगळ टी-शर्टच्या सोग्याला चढाईवाल्या मुलीची बोटं लागली की आमची बचावातली मुलगी बाद. मुली पाठीमागे गाठ मारून खेळायच्या.

मॅटची वेळ दुपारी दोन ते चार मुलींची, चार ते सहा मुलग्यांची. त्या वेळापत्रकावर सही माझी असायची, हेही सांगून टाकते. शेवटची एसटी पावणेसहाची, म्हणून मुलींना उन्हात आधी खेळवते, असं मी स्वतःला समजावलं होतं. मुली चार ते साडेपाच आणि गावातच राहणारे मुलगे त्यानंतर, हे माझ्या डोक्यात यायला कितीतरी वर्षं गेली. आधीपासून चालत आलेलं कोण कशाला बदलतो?

साहेब, प्रवेश घेताना जिमखाना फी मुलगा आणि मुलगी दोघांकडून सारखीच घेतली जाते. आपल्या सरकारने २०२४-२५ पासून वार्षिक ८ लाखांच्या आतल्या उत्पन्नाच्या घरांमधल्या, आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गांतल्या मुलींचं व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ केलं. चांगलंच केलंत, त्याने किती घरांमधली वादावादी थांबली ते मी पाहिलं आहे. पण जिमखाना फी त्या माफीत येत नाही. ती मुलगी भरते. भरलेल्या पैशातून तिच्यावर किती खर्च झाला, हे मात्र तिला कुठेच बघायला मिळत नाही.

जिंकून आल्यावर महाराष्ट्र हात आखडता घेत नाही. २०१२ मध्ये पाटण्याला महिला कबड्डीचा पहिला विश्वचषक भारताने जिंकला. त्या संघात आपल्या राज्यातल्या अभिलाषा म्हात्रे, सुवर्णा बारटक्के आणि दीपिका जोसेफ होत्या. तिघींना सरकारने प्रत्येकी एक कोटी रुपये दिले. २०२५ च्या जानेवारीत दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला, त्यात महिला आणि पुरुष दोन्ही संघ जिंकले आणि दोन्ही कर्णधार, प्रियांका इंगळे आणि प्रतीक वाईकर, आपलेच. खेलो इंडिया विद्यापीठ स्पर्धेच्या पदकतक्त्यातही मुलीचं सुवर्ण अर्धं धरत नाहीत. अर्धं धरलं जातं ते त्याच्या खूप आधी, तालुक्याच्या महाविद्यालयातल्या कपाटापाशी, किट वाटताना.

अमेरिकेतलं एक उदाहरण देते. तिथे १९७२ मध्ये ‘टायटल नाइन’ आलं. सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थेने लिंगावरून भेदभाव करायचा नाही, एवढंच ते कलम. तेव्हा तिथल्या महाविद्यालयीन खेळांत मुली होत्या जेमतेम ३० हजार, आज दोन लाखांच्या वर आहेत. मला मात्र त्यांचा १९९४ चा कायदा जास्त कामाचा वाटतो. त्यानुसार महाविद्यालयांना दरवर्षी जाहीर करावं लागतं की मुलगे किती खेळले, मुली किती खेळल्या आणि कुणावर किती पैसे गेले. म्हणून तिथे सगळं आलबेल आहे असं नाही. २०२१ च्या बास्केटबॉल स्पर्धेत पुरुषांना भरगच्च व्यायामशाळा आणि महिलांना डंबेल्सची एक रॅक, असा प्रकार झाला. एका खेळाडू मुलीने फोनवर चित्रीकरण करून तो जगासमोर आणला आणि आयोजकांची पळापळ झाली. दोन्ही बाजू शेजारी शेजारी दिसल्या की सबबी सांगता येत नाहीत.

माझं मागणं तेवढंच आहे. नवी योजना नको, नवी समिती तर नकोच. २०१६ च्या विद्यापीठ कायद्याने प्रत्येक विद्यापीठाला क्रीडा व शारीरिक शिक्षण मंडळ दिलेलंच आहे. एक शासन निर्णय काढा: दरवर्षी प्रत्येक महाविद्यालयाने आणि विद्यापीठाने मुलगे आणि मुली असे दोन रकाने करून जिमखान्याचा जमाखर्च संकेतस्थळावर आणि सूचनाफलकावर लावावा. किट, प्रवास भत्ता, प्रशिक्षकाचं मानधन, मैदानाचे तास. शिवाय किती संघांची नावं ऐनवेळी मागे घेतली आणि का, हेही. महिला संघाबरोबर महिला व्यवस्थापक हवी, हे बरोबरच आहे, पण जायला कुणी बाई तयार नाही म्हणून आमचा संघ एका वर्षी घरी बसला. त्याची नोंद कुठल्याच रजिस्टरला नाही. मैदानावर स्वच्छतागृह आहे की नाही, हेही त्याच कागदावर येऊ द्या. सामना संपेपर्यंत घोटभर पाणीही न पिणाऱ्या मुलींना मी ओरडायचे. कारण कळलं तेव्हा गप्प बसले.

निवृत्तीच्या आदल्या वर्षी मी असा कागद स्वतःच करून पाहिला. जुनी व्हाउचरं काढली, फूलस्केपवर मधोमध रेघ ओढली. मुलग्यांचा रकाना पान उलटून मागे गेला, मुलींचा अर्ध्या पानात संपला. प्राचार्यांनी तो शांतपणे वाचला, “मॅडम, हे कुणी मागितलंय का?” असं विचारलं आणि घडी घालून ड्रॉवरमध्ये ठेवला.

तो आपण मागावा, एवढ्यासाठी हे पत्र.

आपली विश्वासू,
जिमखान्याच्या एक निवृत्त मॅडम