पित्ताची गोळी आणि हाताचा कंप

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

दरवर्षी ११ एप्रिलला, जागतिक कंपवात (पार्किन्सन्स) दिनाच्या सुमारास, आपल्यासह बहुतेक मराठी वृत्तपत्रांत या आजारावर लेख येतात. आजार कशामुळे होतो, कोणते व्यायाम करावेत, मेंदूवरील शस्त्रक्रिया कोणाला उपयोगी पडते, याची माहिती त्यांत बहुधा नेमकी असते. एक गोष्ट मात्र त्यांत क्वचितच वाचायला मिळते. हात थरथरणे, चाल मंदावणे, चेहरा निर्विकार होणे ही लक्षणे घेऊन येणाऱ्या ज्येष्ठांपैकी काहींना कंपवात झालेलाच नसतो; ती लक्षणे त्यांना रोज घेतल्या जाणाऱ्या एखाद्या गोळीने दिलेली असतात, आणि ती गोळी पुष्कळदा पित्ताची, उलटीची किंवा चक्करेची असते. वैद्यकीय महाविद्यालयात औषधशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या माझ्यासारख्या अध्यापकाला हे परीक्षेच्या प्रश्नाइतके परिचित आहे; पण ज्यांच्या घरात त्या गोळ्यांची पाकिटे वर्षानुवर्षे येतात, त्यांना ते कोणी सांगितलेले नसते, म्हणून हे पत्र.

मध्यमेंदूत काळसर रंगाच्या चेतापेशींचा एक लहानसा पट्टा असतो. या पेशी डोपामिन नावाचे रसायन तयार करतात आणि आपल्या लांब तंतूंमधून ते मेंदूच्या खोल भागातील केंद्रांपर्यंत पोहोचवतात. तिथल्या पेशींवर असलेल्या ग्राहींना डोपामिन चिकटते, तेव्हा हालचाली सुरळीत होतात: चालताना हात आपोआप झुलतात, खुर्चीवरून उठताना विचार करावा लागत नाही, सही करताना अक्षर बारीक होत जात नाही. खऱ्या कंपवातात त्या काळसर पेशीच मरत जातात. औषधजन्य कंपवातात पेशी शाबूत असतात, डोपामिनही तयार होत असते, परंतु औषधाचे रेणू ग्राहींवर आधीच येऊन बसलेले असतात, एस.टी.च्या बाकावर कोणी रुमाल टाकून जागा अडवावी, तसे. ग्राहींपैकी साधारण ८० टक्के अडवले गेले की लक्षणे दिसू लागतात, असे मनोविकारांवरील औषधे घेणाऱ्या रुग्णांच्या मेंदूच्या प्रतिमांवरून आढळलेले आहे. वय वाढते तशा या पेशी प्रत्येकाच्याच मेंदूत काही प्रमाणात कमी होतात, त्यामुळे जो डोस तिशीतल्या माणसाला बाधत नाही, तो पंच्याहत्तरीतल्या माणसाला जखडून टाकू शकतो.

औषधाने कंपवात होतो हे वैद्यकाला कळले त्या कथेत आपल्या मुंबईचाही वाटा आहे. डॉ. रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधेच्या मुळीचा उच्च रक्तदाबावर होणारा परिणाम १९४९ मध्ये एका ब्रिटिश हृदयरोग नियतकालिकात मांडला आणि आयुर्वेदातली ही वनस्पती जगभरच्या डॉक्टरांच्या नजरेत आली. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमधील रसायनतज्ज्ञांनी तिच्यातून रेसर्पिन वेगळे केले. रक्तदाब आणि मानसिक आजार या दोन्हींसाठी ते वापरले जाऊ लागले, तेव्हा काही रुग्ण ताठर आणि मंद झालेले दिसले. रेसर्पिन हे चेतापेशींच्या टोकाशी असलेल्या इवल्या पिशव्यांमध्ये डोपामिन साठू देत नाही, साठा रिकामा होतो आणि हालचाल थंडावते. स्वीडनमधील अर्विद कार्लसन यांनी १९५७ मध्ये रेसर्पिन देऊन निश्चल झालेल्या सशांना लेव्होडोपा, म्हणजे मेंदूत ज्याचे डोपामिन बनते ते द्रव्य, टोचले आणि थोड्याच वेळात ते ससे पुन्हा हिंडूफिरू लागले. व्हिएन्नात ओलेह हॉर्नीकिएविच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६० मध्ये कंपवाताने मरण पावलेल्यांच्या मेंदूत डोपामिनची तूट दाखवली. पुढे १९६७ मध्ये अमेरिकेत जॉर्ज कोत्झियास यांनी तोंडावाटे मोठ्या मात्रेत लेव्होडोपा देऊन रुग्णांना चालते केले. कार्लसन यांना २००० मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. म्हणजे कंपवातावरचे आजही सर्वांत परिणामकारक असलेले औषध सापडले, ते एका दुसऱ्या औषधाने होणाऱ्या कंपवाताचा उलगडा करताना. हे ज्ञान जवळपास सत्तर वर्षांचे झाले असताना त्याचा विसर पडावा, हे मला अधिक खटकते.

आता पित्ताकडे वळतो. डोपामिनचे ग्राही केवळ मेंदूतच असतात असे नाही. जठराच्या भिंतीतही ते आहेत आणि तिथे ते जठराची हालचाल मंद ठेवतात. त्यांना अडवले की अन्न लवकर पुढे सरकते, पोट फुगल्याची भावना कमी होते. मेंदूच्या तळाशी उलटीची सूचना देणारे जे केंद्र आहे तिथेही हेच ग्राही आहेत, म्हणून त्यांना अडवणारी औषधे उलटीवर चालतात. मेटोक्लोप्रमाइड, प्रोक्लोरपेराझिन आणि लेव्होसल्पिराइड ही तिन्ही औषधे अशा तऱ्हेने काम करतात. यांपैकी लेव्होसल्पिराइड मुळात मनोविकारांवरील औषधांच्या कुळातले आहे. कमी मात्रेत ते पचनाच्या तक्रारींवर वापरतात आणि काही निवडक रुग्णांत, उदाहरणार्थ मधुमेहामुळे ज्यांचे जठर मंदावले आहे त्यांच्यात, मर्यादित काळासाठी त्याला जागा असू शकते. आपल्याकडे मात्र ते आम्ल कमी करणाऱ्या रॅबेप्राझोल किंवा पँटोप्राझोलसारख्या औषधाबरोबर एकाच कॅप्सूलमध्ये घालून, बहुधा ७५ मिलिग्रॅमच्या मात्रेत, सर्रास विकले जाते. जळजळ होणाऱ्या बहुसंख्य रुग्णांना एकट्या आम्लरोधक औषधाने बरे वाटते, तेही काही आठवड्यांत. दुसरा घटक त्यांच्या मेंदूवर विनाकारण लादला जातो. अमेरिका आणि ब्रिटनमध्ये लेव्होसल्पिराइडला परवानगीच नाही.

हे औषध मेंदूत फार सहज शिरत नाही, हे मान्य. पण ते मुख्यतः मूत्रपिंडांवाटे बाहेर पडते आणि साठीनंतर मूत्रपिंडांची क्षमता घटते, त्यामुळे तोच डोस रक्तात अधिक काळ, अधिक प्रमाणात राहतो. दक्षिण कोरियातील मेंदूविकारतज्ज्ञांनी लेव्होसल्पिराइडमुळे हालचालींचे विकार झालेल्या ९१ रुग्णांची माहिती २००९ मध्ये प्रसिद्ध केली. त्यांतील बहुतेकांना कंपवातासारखी लक्षणे होती, काहींना ओठ व जीभ सतत हलत राहण्याचा विकार होता, आणि औषध थांबवल्यावरही लक्षणे सगळ्यांची गेली नाहीत. याखेरीज मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीतून स्रवणाऱ्या प्रोलॅक्टिन या दूध आणणाऱ्या संप्रेरकावर डोपामिनचा अंकुश असतो. तो सुटला की स्त्रियांची पाळी अनियमित होते, बाळंतपण नसताना स्तनांतून दूध येते. अशी स्त्री स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जाते, तपासण्या होतात आणि पित्ताच्या कॅप्सूलचा विषय कोणी काढीत नाही.

विक्रीची तऱ्हा तर सर्वांच्या परिचयाची आहे. एकाच कंपनीची साधी गोळी आणि जोडगोळी यांच्या नावांत शेपटाच्या एका अक्षराचा फरक असतो. ‘डी’ असेल तर बहुधा डोमपेरिडोन हे उलटीवरचे औषध, ‘एल’ असेल तर बहुधा लेव्होसल्पिराइड. चिठ्ठीवर एकदा पंधरा दिवसांसाठी लिहिलेली कॅप्सूल पुढे रिकामी पट्टी दाखवून वर्षभर आणली जाते. मेडिकलच्या काउंटरवर कोणी चिठ्ठी विचारली तर ग्राहकच रागावतो, हेही खरे आहे.

चक्करेची कथा थोडी वेगळी आहे. सिनारिझिन आणि फ्लुनारिझिन ही औषधे पेशींत जाणाऱ्या कॅल्शियमची वाट रोखतात, पण त्याबरोबरच डोपामिनचे ग्राहीही अडवतात. १९८० च्या दशकात स्पेन आणि अर्जेंटिनातील डॉक्टरांनी त्यांच्यामुळे झालेल्या कंपवाताची प्रकरणे पुढे आणली. अर्धशिशी रोखण्यासाठी फ्लुनारिझिनचा रास्त उपयोग आहे. परंतु म्हाताऱ्या माणसाला उठताबसता गरगरते म्हणून महिनोन्महिने ते देणे निराळे. अशा गरगरण्याचे सर्वांत सामान्य कारण म्हणजे अंतर्कर्णातील कॅल्शियमचे सूक्ष्म खडे जागेवरून सरकणे, आणि त्यावरचा इलाज म्हणजे डोके ठरावीक क्रमाने फिरवून ते खडे परत जागी आणणे, जो प्रशिक्षित डॉक्टर दवाखान्यात काही मिनिटांत करू शकतो. गोळी तिथे काही बरे करीत नाही. उलट चक्कर दाबणारी औषधे लांबवली की मेंदूची तोल सावरून घेण्याची स्वतःची प्रक्रियाच रेंगाळते.

या सर्वांत मला अधिक गंभीर वाटते ती औषधांची साखळी. पित्ताच्या कॅप्सूलने हात थरथरू लागतो; तो कंपवात समजून ट्रायहेक्सिफेनिडिल सुरू होते. हे औषध ॲसिटिलकोलिन या दुसऱ्या चेतारसायनाला रोखते, त्यामुळे तोंड कोरडे पडते, बद्धकोष्ठ होतो, प्रोस्टेट वाढलेल्या पुरुषांची लघवी अडते आणि वयस्क माणसाची स्मृती गोंधळते. मग बद्धकोष्ठासाठी एक औषध, विसरभोळेपणासाठी दुसरे, आणि इतकी औषधे पोटाला झेपत नाहीत म्हणून मूळची पित्ताची कॅप्सूल पुन्हा चालूच. कोणी लेव्होडोपा दिले तर त्याचाही फारसा उपयोग होत नाही, कारण तयार झालेल्या डोपामिनला बसायला ग्राही मोकळे नसतात. याउलट, ज्यांना खराच कंपवात आहे त्यांना लेव्होडोपामुळे मळमळते म्हणून मेटोक्लोप्रमाइड देणे म्हणजे एका हाताने दिलेले दुसऱ्या हाताने काढून घेणे होय. तिथे डोमपेरिडोन वापरतात, कारण ते मेंदूत फारसे शिरत नाही. मात्र त्याने हृदयाची लय बिघडू शकते, म्हणून तेही कमी डोसात, थोडे दिवस आणि हृदयरोग्यांत जपून.

धोक्याची ही जाणीव इतर देशांच्या नियमांत उतरली आहे. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००९ मध्ये मेटोक्लोप्रमाइडवर ठळक चौकटीतला इशारा सक्तीचा केला आणि १२ आठवड्यांपेक्षा अधिक काळ ते देऊ नये असे सांगितले. युरोपीय औषध संस्थेने २०१३ मध्ये ही मर्यादा पाच दिवसांवर आणली. तरुणांत आणि मुलांत तर मेटोक्लोप्रमाइडच्या इंजेक्शनने काही तासांत मान वाकडी होते, डोळे वर फिरतात, जबडा आवळला जातो. घरचे लोक धनुर्वाताच्या भीतीने हादरतात, कोणी बाहेरची बाधाही म्हणतात. योग्य प्रतिऔषधाने हे बहुधा मिनिटांत ओसरते.

औषधजन्य कंपवात ओळखायला काही खुणा आहेत. खरा कंपवात बहुधा एका बाजूने सुरू होतो आणि वर्षानुवर्षे हळूहळू वाढतो. औषधाचा बहुधा दोन्ही बाजूंना आणि काही आठवड्यांत वा महिन्यांत दिसू लागतो. या खुणा पक्क्या नाहीत. शंका राहिली तर डोपामिन वाहून नेणाऱ्या चेतातंतूंची स्थिती दाखवणारे खास स्कॅन मोठ्या शहरांत होतात, परंतु कित्येकदा त्यांच्या आधी एक फुकटची तपासणी पुरेशी ठरते, आणि ती म्हणजे घरातली सगळी पाकिटे व पट्ट्या पिशवीत घालून डॉक्टरांसमोर टेबलावर ओतणे. ‘कोणती औषधे घेता’ असे विचारले तर रुग्ण रक्तदाब आणि मधुमेहाची नावे सांगतो. पित्ताच्या गोळीला तो औषध मानीत नाही. औषध ओळखून थांबवले तर बहुतेकांना सुधारणा होते, पण तिला आठवडे ते कित्येक महिने लागतात. फ्लुनारिझिन तर चरबीत साठून शरीरात फार काळ रेंगाळते. काहींची लक्षणे मात्र उरतात. त्यांच्यात खरा कंपवात आधीपासूनच दबा धरून होता आणि औषधाने तो लवकर उघड्यावर आणला, असे अनेकदा निघते.

माझ्या अपेक्षा मोजक्या आहेत. डॉक्टरांनी पचनाच्या आणि चक्करेच्या चिठ्ठीवर किती दिवस हे ठळक लिहावे आणि जोडगोळी लिहिण्याआधी दुसऱ्या घटकाची गरज आहे का, याचा स्वतःशी विचार करावा. औषधविक्रेत्यांनी साठीपुढच्या ग्राहकाला अशी कॅप्सूल जुन्या पट्टीवर देऊ नये. प्रतिजैविके आणि झोपेच्या गोळ्यांच्या विक्रीवर अन्न व औषध प्रशासनाचे लक्ष असते, तसे या औषधांवरही असावे; आणि पाकिटावर मराठीत, वाचता येईल अशा आकारात, ‘हात थरथरणे किंवा हालचाल मंदावणे जाणवल्यास डॉक्टरांना भेटा’ एवढे एक वाक्य छापणे उत्पादकांना बंधनकारक करायला फारसा खर्च नाही. औषधाचा दुष्परिणाम कळवण्यासाठी भारतीय औषधसतर्कता कार्यक्रमाचा १८००-१८०-३०२४ हा निःशुल्क क्रमांक आहे आणि रुग्ण स्वतःही त्यावर तक्रार नोंदवू शकतो. अशा नोंदी साठल्याखेरीज नियम बदलण्यासाठी लागणारा पुरावा उभा राहत नाही.

एक खुलासा आवश्यक आहे. हे पत्र वाचून कोणी मानसिक आजारासाठी दिलेली औषधे आपल्या मनाने बंद करू नयेत. स्किझोफ्रेनियासारख्या आजारात डोपामिनचे ग्राही अडवणे हाच उपचार असतो, तिथे कंप जाणवला तर मनोविकारतज्ज्ञ डोस कमी करू शकतात किंवा हा त्रास कमी असलेले दुसरे औषध निवडू शकतात, आणि अचानक थांबवल्याने मूळ आजार उलटण्याचा धोका मोठा असतो. कंपवाताच्या रुग्णांनीही लेव्होडोपा एकाएकी सोडू नये. त्याने तीव्र ताप आणि ताठरपणा येऊन जिवावर बेतल्याची उदाहरणे वैद्यकात नोंदलेली आहेत.

आपला विश्वासू,
औषधशास्त्राचा एक निवृत्त अध्यापक,
सातारा