सोळा प्रयोगांचे नाटक आणि त्यातली मुले

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत पडलेल्या नाटकांवर जो लेख आला, त्यात ब्रॉडवेवरील, म्हणजे न्यूयॉर्कच्या व्यावसायिक रंगभूमीवरील ‘मेरिली वी रोल अलाँग’ या संगीतिकेची ‘१६ प्रयोगांत बंद’ अशी एका ओळीत बोळवण केली आहे. आकडा बरोबर आहे. १६ नोव्हेंबर १९८१ रोजी न्यूयॉर्कच्या अल्विन थिएटरमध्ये पडदा उघडला आणि २८ तारखेला तो कायमचा पडला. शतकमहोत्सवांची गणिते मांडणाऱ्या आपणा मराठी प्रेक्षकांना एवढी नोंद पुरेशी वाटणे स्वाभाविक आहे, पण पुढची हकीकत सांगितल्याशिवाय राहवत नाही.

संगीत स्टीफन सोंडहाइम यांचे आणि दिग्दर्शन हॅल प्रिन्स यांचे, म्हणजे त्या काळातली सर्वांत यशस्वी जोडी. कथा उलटी चालते. चाळिशीत एकमेकांना दुरावलेले तीन मित्र आधी दिसतात आणि शेवटी १९५७ साली गच्चीवर स्पुटनिक या पहिल्या कृत्रिम उपग्रहाची वाट पाहणारी, डोळ्यांत स्वप्ने असलेली तीच मुले भेटतात. प्रिन्स यांनी ही पात्रे विशीच्या आगेमागे असलेल्या नवोदितांना दिली आणि तिथेच घोळ झाला. अधिकृत शुभारंभाआधीच्या प्रयोगांत प्रेक्षकांना कोण कोणाचे काय लागते तेच कळेना, तेव्हा शिवलेले पोशाख बाद करून नटांना छातीवर पात्राची ओळख छापलेले स्वेटशर्ट घालण्यात आले. मुख्य नट बदलला, नृत्यदिग्दर्शकही बदलला. समीक्षकांनी झोडपले ते उगाच नव्हे, हे सोंडहाइमचा चाहता असूनही मी मान्य करतो.

पण नाटक बंद झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी हीच मुले ध्वनिमुद्रणासाठी स्टुडिओत उभी राहिली. ती ध्वनिमुद्रिका आजही ऐकावी. ‘ओल्ड फ्रेंड्स’ या गाण्यात जो कोवळा उत्साह आहे, तो नंतरच्या सफाईदार आवृत्त्यांत मला तरी सापडलेला नाही. ही गाणी पुढे टिकली त्यात या मुद्रिकेचा वाटा फार मोठा आहे.

आता त्या मुलांविषयी. नाटकातल्या जो जोसेफसन या निर्मात्याची भूमिका करणारा बावीस वर्षांचा जेसन अलेक्झांडर १९८९ मध्ये टोनी या ब्रॉडवेवरील मानाच्या पुरस्काराचा मानकरी ठरला आणि त्याच वर्षी सुरू झालेल्या ‘साइनफेल्ड’ या विनोदी दूरचित्रवाणी मालिकेतला जॉर्ज म्हणून घराघरांत पोहोचला. टोन्या पिंकिन्स हिला १९९२ मध्ये टोनी मिळाला. समूहात उभा असलेला जियानकार्लो एस्पोझितो म्हणजे ‘ब्रेकिंग बॅड’ या मालिकेतला गस फ्रिंग, हे सांगितल्यावर माझ्या पुतण्याचा विश्वास बसेना. लिझ कॅलवेने रंगभूमी गाजवलीच, शिवाय ‘अनास्तासिया’ या अ‍ॅनिमेशनपटाच्या नायिकेला गाता आवाज दिला. अ‍ॅबिगेल पोग्रेबिन रंगभूमी सोडून दूरचित्रवाणीवरील वृत्तकार्यक्रमांची निर्माती आणि लेखिका झाली. सगळेच तारे झाले नाहीत, आणि तसे होतही नसते.

नाटकाचा घाव खोल होता. सोंडहाइम आणि प्रिन्स यानंतर दोन दशके एकत्र आले नाहीत. मात्र सोंडहाइम यांना जेम्स लॅपाइन हा नवा सहकारी मिळाला आणि या दोघांच्या पहिल्याच संगीतिकेला नाट्यलेखनाचे १९८५ चे पुलित्झर पारितोषिक मिळाले. तिघा मित्रांतला चार्ली साकारणारा लॉनी प्राइस दिग्दर्शक झाला आणि पुढे त्याने या फसलेल्या नाटकावर व त्यातल्या आपल्या सोबत्यांवर २०१६ मध्ये माहितीपट केला.

मारिया फ्रीडमन यांनी हेच नाटक २०२३ मध्ये ब्रॉडवेवर पुन्हा उभे केले, या वेळी मुरलेले नट घेऊन. २०२४ मध्ये त्याला सर्वोत्कृष्ट पुनरुज्जीवनासह ४ टोनी मिळाले. त्यांतला एक चार्लीच्या भूमिकेसाठी होता आणि तो डॅनियल रॅडक्लिफ, म्हणजे आपल्या मुलांचा हॅरी पॉटर, याला मिळाला. आपल्या लेखात यातले काहीच नाही. पुढच्या पुरवणीत जागा असल्यास निदान ही पुरवणी नोंद छापावी, ही विनंती.

आपला,
एक नाट्यप्रेमी वाचक, डोंबिवली