ब्लॅकबर्नहून आप्पांना: सहावा नंबर, प्ले-ऑफ आणि सिंहगड रस्त्यावरचे मालक

ब्लॅकबर्न, लँकशायर
9 नोव्हेंबर 2025

ती. आप्पांस,
सा. न. वि. वि.

तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात. चोवीस संघांत सहावा आलेला संघ वरच्या लीगमध्ये जातो तरी कसा? आणि सिंहगड रस्त्यावरचे आपले कोंबडीवाले वेंकीज पंधरा वर्षं इथल्या ब्लॅकबर्न रोव्हर्स या फुटबॉल क्लबात मालक म्हणून पैसा घालतायत, तरी ब्लॅकबर्नचे लोक त्यांच्यावर एवढे नाराज का? दोन्हींची उत्तरं एकमेकांत गुंतलेली आहेत, म्हणून जरा ऐसपैस लिहितो.

आधी प्ले-ऑफ. प्रीमियर लीगच्या खालची पायरी म्हणजे चॅम्पियनशिप. ऑगस्ट ते मे, प्रत्येकी 46 सामने. पहिले दोन संघ थेट वर जातात, शेवटचे तीन खाली. तिसरा ते सहावा हे चौघे उरलेल्या एका जागेसाठी भांडतात. तिसऱ्याची गाठ सहाव्याशी, चौथ्याची पाचव्याशी. उपांत्य फेरी दोन सामन्यांची असते, एक इथे, एक तिथे, आणि दोन्हीकडच्या गोलांची बेरीज धरतात. बरोबरी झाली तर तीस मिनिटं जादा वेळ, मग पेनल्टी. जिंकलेले दोघे लंडनला वेम्बलीवर एकच अंतिम सामना खेळतात. प्ले-ऑफ 1986-87च्या हंगामापासून आहेत, वेम्बलीवरचा एकच अंतिम सामना मात्र 1990पासून.

आयपीएलमध्ये पहिल्या दोघांना हरल्यावरही आणखी एक संधी मिळते. इथे तिसऱ्या आलेल्या संघाला सवलत एवढीच की उपांत्य फेरीचा दुसरा सामना त्याच्या घरच्या मैदानावर होतो. वर्षभराची कमाई तिथे संपते. यंदाच्या मे महिन्यात काय झालं बघा. शेफील्ड युनायटेड 90 गुणांसह तिसरे, संडरलँड 76 गुणांसह चौथे, म्हणजे 14 गुणांचं अंतर. शिवाय संडरलँड लीगमधले शेवटचे पाचही सामने हरून आलेलं. उपांत्य फेरीत कोव्हेंट्रीविरुद्ध जादा वेळही संपत आली असताना 122व्या मिनिटाला डॅन बॅलर्डने हेडरवर गोल केला आणि ते वाचले. अंतिम सामन्यात युनायटेडने आधी गोल केला, त्यांचा दुसरा गोल व्हीएआरने, म्हणजे व्हिडिओ बघून निर्णय देणाऱ्या पंचाने, ऑफसाइड ठरवला. हे व्हीएआर लीगमध्ये नसतं, उपांत्य फेरीतही नसतं, फक्त अंतिम सामन्यात असतं. 76व्या मिनिटाला बरोबरी झाली आणि 95व्या मिनिटाला टॉमी वॉटसनने विजयी गोल मारला. हा मुलगा आधीच ब्रायटनला विकला गेलेला होता! 14 गुणांनी मागे राहिलेला संघ वर गेला आणि 90 गुणवाले खाली राहिले. मला हा न्याय वाटत नाही. पण याच पद्धतीमुळे एप्रिलपर्यंत दहा-बारा संघांचा जीव टांगणीला असतो आणि स्टेडियमं भरलेली राहतात, हेही खरं.

आता पैसा. डिलॉइट या हिशेब तपासणाऱ्या कंपनीच्या अंदाजाने यंदाच्या अंतिम सामन्याची किंमत किमान 20 कोटी पौंड होती, आपल्याकडचे साधारण 2,300 कोटी रुपये. हे बक्षीस म्हणून हातात पडत नाहीत. प्रीमियर लीगच्या एका वर्षातलं टीव्हीचं आणि जाहिरातींचं उत्पन्न, आणि लगेच खाली आलात तरी पुढे मिळणारी ‘पॅराशूट’ रक्कम, असं सगळं मिळून तो आकडा होतो. पॅराशूट म्हणजे प्रीमियर लीगमधल्या प्रत्येक क्लबला टीव्हीचा जो समान वाटा मिळतो त्याचे पहिल्या वर्षी 55 टक्के, दुसऱ्या वर्षी 45 टक्के. वर एकाहून जास्त हंगाम काढले असतील तर तिसऱ्या वर्षी 20 टक्के. ज्यांना हे मिळत नाही त्यांना वरून वर्षाला सुमारे 50 लाख पौंड येतात, बस. खर्चाची चढाओढ मात्र पॅराशूटवाल्यांशीच करायची असते.

मालकांचं घोडं इथेच पेंड खातं. सहाव्या नंबरापर्यंत पोहोचलं की दार उघडतं, म्हणून आणखी एक स्ट्रायकर, आणखी एक वर्ष तोटा, असं चालू राहतं. काही हंगामांत या लीगच्या क्लबांचा नुसता पगारखर्चच एकूण उत्पन्नाच्या 100 टक्क्यांवर गेलेला आहे. नियमाने तीन वर्षांत मिळून 3 कोटी 90 लाख पौंडांपर्यंतच तोटा चालतो. मग पळवाटा निघतात. डर्बी आणि शेफील्ड वेन्स्डे या दोन्ही क्लबांच्या मालकांनी क्लबचं स्टेडियम स्वतःच्याच दुसऱ्या कंपनीला विकून कागदावर नफा दाखवला. पण सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं येत नाही. डर्बी 2019 साली वेम्बलीवर ॲस्टन व्हिलाकडून 2-1 हरलं. सप्टेंबर 2021मध्ये क्लब दिवाळखोरीत निघून प्रशासकांच्या ताब्यात गेला आणि त्या हंगामात एकूण 21 गुण कापले गेले. मैदानावर पोरांनी 55 गुण मिळवले होते, तक्त्यात राहिले 34. खालच्या लीगमध्ये गेले. कापले नसते तर सहज टिकले असते.

वेन्स्डेचं तर ताजं आहे. त्यांचे थाई मालक डेजफॉन चानसिरी 2015 साली आले. 2016 साली प्ले-ऑफचा अंतिम सामना हरले, पुढच्या वर्षी उपांत्य फेरीत पेनल्टीवर गेले. त्या दोन हुकलेल्या संधींचा खर्च पुढची सगळी वर्षं मानगुटीवर बसला. या वर्षी पगार वारंवार थकले. लीगचा नियम असा की वर्षभरात देणी एकूण 30 दिवसांहून जास्त लांबली तर खेळाडू विकत घ्यायला बंदी. ती लागली, संघ विस्कटला, आणि गेल्या 24 ऑक्टोबरला क्लब प्रशासकांकडे गेला. लगेच 12 गुण कापले, त्यामुळे ते तेव्हा उणे सहावर आले. बहिष्कार घालून बसलेले प्रेक्षक पुढच्याच घरच्या सामन्याला परत आले. प्रशासक आला की आणखी एक गोष्ट घडते आणि ती मला सगळ्यात जास्त खटकते. खेळाडूंचं आणि इतर क्लबांचं देणं पूर्ण फेडावंच लागतं. गावातला छापखाना, पोळी-भाजीवाला केटरर, रुग्णवाहिकेची सेवा देणारी संस्था यांना मात्र पौंडामागे 25 पेन्स दिले तरी लीगच्या नियमात बसतं.

आता आपल्या ब्लॅकबर्नचं. हा क्लब 1875चा. जॅक वॉकर नावाच्या इथल्याच पोलादाच्या व्यापाऱ्याने पैसा घातला आणि 1994-95 साली या छोट्या गिरणगावाने प्रीमियर लीग जिंकली. क्लबचं स्टेडियम एवूड पार्क, त्याच्या बाहेर त्यांचा पुतळा आहे. 2000 साली ते गेले आणि 2010च्या नोव्हेंबरमध्ये त्यांच्या विश्वस्तांनी क्लब 2 कोटी 30 लाख पौंडांना वेंकीजला विकला, कर्ज वेगळं. संघ तेव्हा प्रीमियर लीगच्या तक्त्यात मधोमध होता. महिन्याच्या आत अनुभवी मॅनेजर सॅम अलार्डाइस यांना काढलं आणि 2012च्या मेमध्ये संघ खाली आला. त्या रात्री एका प्रेक्षकाने क्लबच्या झेंड्यात गुंडाळलेली जिवंत कोंबडी मैदानात सोडली होती, तो फोटो तुम्ही पाहिलाच असेल. पुढच्या हंगामात तर कहर झाला. हेनिंग बर्ग 57 दिवस मॅनेजर, मायकेल ॲपलटन 67 दिवस. बर्ग कोर्टात गेले आणि क्लबला त्यांना 22 लाख 50 हजार पौंड द्यावे लागले. तेवढ्यात त्या काळी या लीगचा एखादा चांगला खेळाडू आला असता. 2017 साली तिसऱ्या श्रेणीत गेलो, तेही नॉटिंगहॅम फॉरेस्टइतकेच 51 गुण असताना, निव्वळ गोलफरकाने. मॅनेजर टोनी मोब्रेंनी वर्षभरात परत वर आणलं.

त्यानंतर प्ले-ऑफ दोनदा हाताशी आला आणि दोन्ही वेळा निसटला. तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर या दोन हंगामांत आहे.

पहिला 2022-23. जानेवारी संपताना संघ प्ले-ऑफच्या शर्यतीत होता आणि मधल्या फळीत एका माणसाची गरज होती. फॉरेस्टचा लुईस ओब्रायन उसना घ्यायचं ठरलं. अशा व्यवहारात दोन्ही क्लबांच्या आणि खेळाडूच्या सह्या, कराराची प्रत, नोंदणीचे अर्ज हे सगळं शेवटच्या दिवशी रात्री अकराच्या आत लीगच्या यंत्रणेत जावं लागतं. आपले कागद अकरानंतर पोहोचले. नोंदणी नाकारली, अपीलही फेटाळलं. मेमध्ये हंगाम संपला तेव्हा सहाव्या संडरलँडचे गुण 69, सातव्या आपलेही 69. शेवटच्या दिवशी मिलवॉलला जाऊन 4-3 जिंकूनही उपयोग झाला नाही, कारण त्यांचा गोलफरक अधिक 13, आपला उणे 2. पंधरा गोलांची दरी एका ओब्रायनने बुजली असती असं मी म्हणत नाही, पण एक गुण पुरे होता. पुढच्या जानेवारीत अमेरिकेच्या डंकन मॅग्वायरचा व्यवहारही कागदपत्रांतल्या चुकीने फिसकटला, तेव्हा मात्र लोकांचा धीर सुटला.

दुसरा गेला हंगाम. फेब्रुवारीत संघ पाचवा होता आणि मॅनेजर जॉन युस्टेस सोडून गेले, तेही तळाशी झगडणाऱ्या डर्बीला. पाचव्या क्रमांकाचा मॅनेजर खाली जाऊ पाहणाऱ्या क्लबकडे जातो, तेव्हा मागे काय शिजतंय ते लोकांना कळतं. नवा माणूस येऊन घडी बसेपर्यंत सामने हातचे गेले. शेवटी सातवे, 66 गुण. सहाव्या ब्रिस्टल सिटीचे 68.

पैसा अडतो कुठे, तर दिल्लीत. परकीय चलन कायद्याखाली ईडीची चौकशी चालू असल्याने 2023पासून वेंकीजला इथे रक्कम पाठवायला दिल्ली उच्च न्यायालयाची परवानगी घ्यावी लागली आणि पाठवायच्या रकमेइतकी बँक हमीही ठेवावी लागली. म्हणजे शंभर पाठवायचे तर दोनशेची सोय. त्यात त्यांचा दोष सिद्ध झालेला नाही, हे इथल्या चिडलेल्या माणसांनाही मी सांगतो. पण परिणाम झालाच. ॲडम व्हार्टन क्रिस्टल पॅलेसला विकला आणि 2023-24मध्ये 27 गोल करून लीगमध्ये पहिला आलेला सॅमी स्मोडिक्स इप्सविचला विकला. यंदा महिलांचा संघ दुसऱ्या श्रेणीतून काढून घेतला, हे मला सर्वांत लागलं. महिला संघ, अकादमी आणि स्टेडियम यांवरचा खर्च त्या 3 कोटी 90 लाखांच्या मर्यादेत धरतच नाहीत, म्हणजे नियमाचं कारण पुढे करता येत नाही. रोख रक्कम घालायची इच्छा नव्हती, एवढंच उरतं.

वेंकीजच्या बाजूने जे आहे तेही लिहायलाच हवं. दरवर्षीचा कोट्यवधींचा तोटा त्यांनी भरलाय आणि क्लब कधीही प्रशासकांच्या हाती गेलेला नाही. शेजारच्या बरी गावाचा क्लब एका पौंडाला विकला गेला, एप्रिल 2019मध्ये वर चढला आणि ऑगस्टमध्ये लीगमधून हाकलला गेला. त्या मानाने ब्लॅकबर्न जिवंत आहे. लोकांचं म्हणणं वेगळं आहे. मालक एवूडवर दिसून कित्येक वर्षं झाली, इथे निर्णय घेण्याचा पुरेसा अधिकार असलेला माणूस नाही, प्रत्येक सहीसाठी पुण्याकडे बघायचं. उंटावरून शेळ्या हाकल्या तर जानेवारीच्या शेवटच्या रात्री अकरा वाजता काय होणार, ते आपण दोनदा पाहिलं. मला हे म्हणणं पटतं. पैसा कमी पडला असता तर लोकांनी समजून घेतलं असतं, संडरलँडनेसुद्धा तिसऱ्या श्रेणीत चार वर्षं काढलीच.

सरकारने जुलैमध्ये फुटबॉल गव्हर्नन्स कायदा केला. वरच्या पाच श्रेणींतल्या 116 क्लबांना आता स्वतंत्र नियामकाकडून परवाना लागेल. मालकाचा पैसा कुठून येतो हे तपासणं, आर्थिक आराखडा मागणं, स्टेडियम विकायला मंजुरी लावणं, नालायक ठरलेल्या मालकाला क्लब सोडायला लावणं, हे अधिकार त्याच्याकडे असतील. गैरहजर मालकाला हजर राहायला लावेल असं मात्र त्यात काही नाही.

तक्ता बघताना एक हिशेब लक्षात ठेवा. गेल्या तीन हंगामांत सहाव्या संघाचे गुण 69, 73 आणि 68 होते, म्हणजे सामन्याला दीड गुण धरून चाला. जानेवारीत बातम्या वाचाल तेव्हा कोण आलं यापेक्षा कधी आलं ते बघा. शेवटच्या आठवड्याआधी दोन माणसं आली असतील तर ते चांगलं लक्षण. मॅनेजरच्या कराराची मुदत आणि पगाराच्या तारखेची कुरबुर, या दोन बातम्या गोलांच्या बातम्यांइतक्याच वाचा. सध्या शनिवारी दुपारी तीनचे सामने तुमच्याकडे रात्री साडेआठला लागतील. मार्चअखेर इथली घड्याळं पुढे गेली की साडेसातला. मे महिन्यातले उपांत्य सामने रात्री आठला असले तर तुमच्याकडे साडेबारा होतील, त्यासाठी आईने जागायचं कारण नाही.

नंदूला सांगा, त्याला हवा असलेला निळा-पांढरा शर्ट डिसेंबरात येणाऱ्या माणसाबरोबर पाठवतोय, माप कळवायला सांगा. आईस साष्टांग नमस्कार.

आपला,
शिरीष