कुत्र्याच्या रक्ताची काचपट्टी कोण बघणार?

मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

स.न.वि.वि.

हत्तीरोगाच्या रात्र चिकित्सालयात मी 26 वर्षं तंत्रज्ञ होतो. रात्री आठनंतर सिंधुदुर्गातल्या वाड्यांवर दारं ठोठवायची, झोपमोड झालेल्या माणसाच्या शिव्या ऐकत त्याचं बोट टोचायचं आणि रंगवलेली काचपट्टी सूक्ष्मदर्शकाखाली धरायची, ही माझी नोकरी. हत्तीपायाच्या जंताची पिल्लं रात्रीच वरच्या रक्तात येतात, म्हणून हा अवेळी उद्योग.

निवृत्तीनंतर जंतांशी संबंध संपला असं वाटलं होतं. मग पावसाळा सरता सरता शेजारच्या काकूंचा डोळा लाल झाला. "डोळ्यात कायतरी वळवळता रे," म्हणत होत्या. आठवडाभर औषधाच्या दुकानातले थेंब झाले. शेवटी डॉक्टरांनी डोळ्याच्या पांढऱ्या भागावरच्या पातळ पडद्याखालून बोटभर लांब, दोऱ्यासारखा जिवंत जंत काढला. काकू बऱ्या झाल्या. जंत कचऱ्यात गेला. त्याची नोंद कुठेही नाही.

हा डायरोफायलेरिया. मुळात कुत्र्याचा जंत. कुत्र्याच्या रक्तातली पिल्लं डासाच्या पोटात जातात, तिथे साधारण दोन आठवडे वाढतात आणि पुढच्या दंशाबरोबर दुसऱ्याच्या अंगात उतरतात. क्युलेक्स, एडिस असे आपल्या ओळखीचेच डास हे काम करतात. कुत्रा चाटला किंवा चावला म्हणून हा जंत होत नाही, एका माणसाकडून दुसऱ्यालाही होत नाही. हे मुद्दाम लिहितो, नाहीतर उद्या कोणी घरचा कुत्रा पोत्यात घालून घाटात सोडून येईल.

साहेब, अडचण अशी की माणसाच्या अंगात हा जंत वाट चुकलेला पाहुणा असतो. बहुतेक वेळा एकटाच, पिल्लं न घालणारा. डोळ्यात नाहीतर कातडीखाली गाठ करून बसतो. त्याचा हृदयात राहणारा भाऊबंद माणसाच्या फुफ्फुसात अडकला, तर क्ष-किरणात कर्करोगाची शंका येईल असा ठिपका दिसतो. पण रक्तात पिल्लंच नसल्यामुळे आम्ही रात्रभर बोटं टोचली तरी काचपट्टी कोरी. माणसांचं रक्त तपासून हा रोग सहसा कळणारच नाही. कुत्रे तपासायला हवेत, आणि कुत्रे आपल्या खात्यात येत नाहीत.

केरळात डोळ्यातून असे जंत काढल्याच्या नोंदी डॉक्टरांनी वर्षानुवर्षं प्रसिद्ध केल्या आहेत. तोच समुद्र, तोच पाऊस, तेच डास आमच्याकडे आहेत. 2010 साली मुंबई, दिल्ली, सिक्कीम आणि लडाखमधल्या 525 कुत्र्यांची पाहणी प्रसिद्ध झाली, तीत मुंबईच्या कुत्र्यांत हा जंत सापडला होता.

न राहवून मी काकूंच्या मोत्याचं रक्त घेतलं आणि एका ओळखीच्या प्रयोगशाळेत काचपट्टी रंगवली. पिल्लं होती, आणि हत्तीपायाच्या पिल्लांना असतं तसं आवरण त्यांना नव्हतं. मात्र कुत्र्यात आवरण नसलेला आणखी एक निरुपद्रवी जंत असतो, पिसवांमधून येणारा. त्यामुळे नुसत्या नजरेवर मी शपथ घेणार नाही. पण हे कळवायचं कुणाला? हत्तीरोगाच्या तक्त्यात कुत्र्याचा रकाना नाही. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात गेलो, तर म्हणाले, डोळा माणसाचा आहे ना, मग आरोग्य खात्याकडे जा.

मी नवीन योजना मागत नाही. 2023 च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांप्रमाणे भटके कुत्रे निर्बीजीकरणासाठी पकडलेच जातात, त्यांना भूल दिलीच जाते. त्याच वेळी एक थेंब रक्त काचपट्टीवर घ्यावं. ती वाचायला हत्तीरोग पथकातले तंत्रज्ञ आहेत. शंका आली तर जंताची जात ओळखायला परळचं पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. आणि डोळ्यातून किंवा गाठीतून जंत काढणाऱ्या प्रत्येक डॉक्टरने तो फेकून न देता जपून ठेवावा आणि जिल्हा हिवताप अधिकाऱ्यांना कळवावं, एवढं परिपत्रक आपल्या सहीने निघावं.

घाई अशासाठी की 2027 पर्यंत हत्तीरोग हटवायचं केंद्राचं उद्दिष्ट आहे. ते जरूर साधावं. पण मग आमची रात्रीची पथकं कितपत टिकतील, याची मला धास्ती आहे. आवरण आहे की नाही हे ओळखणारी नजर तयार व्हायला मला तरी चार वर्षं लागली होती.

मोत्याची काचपट्टी मी जपून ठेवली आहे. कुठे पाठवू, तेवढं कळवावं.

आपला,
एक निवृत्त प्रयोगशाळा तंत्रज्ञ, सिंधुदुर्ग