सुध्या, गाभोळी पोटातच राहिली

सिएटल, नोव्हेंबर

प्रिय सुध्या,

इकडे सगळे बरे. माझा गुडघा आहे तसाच आहे, ते सोड. आज लिहायला बसलो ते एका माशापायी. इथे कुणाला सांगावं तर "मासाच ना तो" म्हणतात. तू आधी दोन शिव्या घालशील, पण शेवटपर्यंत ऐकशील.

काल धो धो पाऊस झाला आणि मी लाँगफेलो क्रीकवर गेलो. भर शहरातून वाहणारा ओढा, आपल्या देवळाखालच्या पऱ्याएवढा. कोहो साल्मन समुद्रात दीडेक वर्ष काढून या दिवसांत गोड्या पाण्यात चढतात, अगदी आपल्या चढणीच्या माशांसारखे. एक मादी काठाशी गोल गोल फिरत होती, पाण्यावर तोंड काढून आ वासत होती. बघता बघता आडवी झाली. मासे मोजायला आलेल्या बाईंनी तिचं पोट चिरून दाखवलं. केशरी गाभोळी, दाणा न दाणा जागच्या जागी. अंडी घातल्यावर साल्मन मरतातच रे, पण ही न घालताच गेली.

कारण काय, तर गाड्यांचे टायर! रबराला चिरा पडू नयेत म्हणून त्यात सिक्स-पीपीडी नावाचं रसायन घालतात. हवेतल्या ओझोनशी गाठ पडली की त्याचं विष होतं. टायर झिजून भुकटी रस्त्यावर पडते आणि पाऊस आला की ते विष गटारातून थेट ओढ्यात. कोहो वर्षानुवर्षं असे मरत होते, नेमकं कारण हाती लागलं २०२० मध्ये. आणि त्याच पाण्यात चम जातीचे साल्मन खुशाल पोहतात!

कॉलेजात धरणावरून तू माझ्याशी अबोला धरला होतास, आठवतं? समेट घडवायला पक्याला चहा पाजावा लागला, ती उधारी तू अजून फेडलेली नाहीस. इथे एल्वा नदीवरची दोन धरणं २०११ ते २०१४ मध्ये चक्क पाडली. तिथले मूळ रहिवासी, लोअर एल्वा क्लॅलम लोक, त्यासाठी कितीतरी वर्षं झगडले. शंभर वर्षं अडलेले मासे पुन्हा वर गेले. पण धरण डोळ्यांना दिसतं, त्याच्यासमोर उभं राहून भांडता येतं. टायरशी कसं भांडायचं? लोकांनी पाणी गार राहावं म्हणून ओढ्याकाठी झाडं लावली, डोह व्हावेत म्हणून ओंडके टाकले. आणि मासा त्या सावलीला पोचायच्या आधीच मरतोय. रात्रभर झोप नाही मला.

उपाय नसता तर गप्प बसलो असतो. तेच रस्त्याचं पाणी वाळू आणि कंपोस्टच्या थरातून झिरपवलं की कोहो त्यात जगतात, तसे प्रयोग झालेत. रस्त्याकडेला खोलगट वाफे करायचे, एवढंच. आमच्या उतारावर जागाही आहे. शेजारी म्हणतात, पार्किंग जाईल. दोन गाड्यांची जागा रे, सुध्या! त्यासाठी अख्ख्या ओढ्याची वीण घालवायची?

सोनूचं बारावीचं कसं चाललंय? स्लॅब पडला का? काकूंना नमस्कार सांग. आणि हायवे रुंद झाल्यावर तुझ्या मळ्यात मासे चढतात का, ते नक्की लिही.

एक काम कर. वाडीत शिंपणं करशील तेव्हा पोफळीच्या आळ्यात पाणी कसं मुरतं त्याचा व्हिडिओ काढून शनिवारच्या आत पाठव. शेजाऱ्यांची बैठक आहे, तिथे दाखवायचाय.

तुझा,
विनू