वेणू बाप्पू यांची ओळख केवळ धूमकेतूपुरती नको

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

शालेय प्रश्नमंजूषांमध्ये ‘धूमकेतूला नाव लाभलेले भारतीय खगोलशास्त्रज्ञ कोण?’ हा प्रश्न हमखास असतो आणि मुले ‘वेणू बाप्पू’ असे एका दमात सांगून मोकळी होतात. भौतिकशास्त्राचा शिक्षक म्हणून बत्तीस वर्षे मीही हाच प्रश्न विचारत आलो, तेव्हा या तक्रारीत मी स्वतःलाही धरतो. डॉ. बाप्पू यांचा जन्म 10 ऑगस्ट 1927 चा. म्हणजे 2027 मध्ये त्यांची जन्मशताब्दी आहे. त्या निमित्ताने आपल्या वृत्तपत्रात जे छापून येईल, ते या एका ओळीच्या उत्तरापलीकडे जावे, एवढ्यासाठी हा पत्रप्रपंच.

बाप्पू यांचे वडील हैदराबादच्या निजामिया वेधशाळेत नोकरीला होते, त्यामुळे दुर्बीण ही त्यांच्या घरातलीच गोष्ट होती. हैदराबाद सरकारच्या शिष्यवृत्तीवर ते हार्वर्ड विद्यापीठात गेले आणि पहिल्याच वर्षी, 2 जुलै 1949 रोजी घेतलेल्या एका फोटोप्लेटवर त्यांना नवा धूमकेतू सापडला. धूमकेतू सापडणे म्हणजे आकाशात लखलखीत शेपटी दिसणे, अशी आपली समजूत असते. जुनी माणसे तर त्याला शेंडेनक्षत्रच म्हणत. प्रत्यक्षात समोर असते ती काचेची निगेटिव्ह. पारदर्शक काचेवर हजारो तारे काळ्या, रेखीव ठिपक्यांच्या रूपात उमटलेले असतात आणि त्यांत कुठेतरी एक डाग असा असतो की ज्याची कड नीट लागत नाही. दुर्बीण ताऱ्यांच्या गतीने फिरत असते आणि धूमकेतू त्यांच्यामधून स्वतःच्या चालीने सरकत असतो, म्हणून तो डाग किंचित लांबटही होऊ शकतो. मात्र काचेवरील लेपातला दोषही अगदी असाच दिसतो. त्यामुळे डाग दिसला की तो लगेच जाहीर करायचा नसतो. जुने नकाशे काढून त्या जागी एखादा तेजोमेघ किंवा दीर्घिका नाही ना, हे पाहायचे, पुन्हा प्लेट घ्यायची आणि तो पुढे सरकला आहे का, हे तपासायचे.

हा पडताळा त्यांचे प्राध्यापक बार्ट बोक आणि सहाध्यायी गॉर्डन न्यूकर्क यांच्या साहाय्याने झाला, म्हणूनच तो धूमकेतू ‘बाप्पू-बोक-न्यूकर्क’ या तिहेरी नावाने नोंदला गेला. आपल्याकडील मजकुरात मागची दोन नावे अनेकदा गाळली जातात, हे मला खटकते. बाप्पूंचे श्रेय त्याने तसूभरही वाढत नाही. (1997 मध्ये आमच्या शाळेच्या गच्चीवरून हेल-बॉप धूमकेतू दाखवत असताना एका विद्यार्थ्याने ‘हा आपल्या बाप्पूंचाच का?’ असे विचारले होते, आणि पाठोपाठ दुसऱ्याने गणपती बाप्पाचा जयजयकार केला होता. नावापुरत्या पाठांतराचे आणखी काय होणार?) या शोधासाठी बाप्पूंना पॅसिफिक खगोल संस्थेचे डोनोहो धूमकेतू पदक मिळाले.

खरे मोठेपण त्यानंतरचे. पदक मिळालेल्या या तरुणाला अमेरिकेत चांगली जागा मिळणे अवघड नव्हते. अमेरिकी खगोलशास्त्रज्ञ ऑलिन विल्सन यांच्यासह त्यांनी 1957 मध्ये मांडलेला संबंध आजही त्या दोघांच्या नावाने ओळखला जातो: ताऱ्याच्या वर्णपटातील (म्हणजे प्रकाशाच्या रंगपट्ट्यातील) कॅल्शियमच्या ‘के’ नावाच्या काळ्या रेषेच्या मध्यावर उमटणारी तेजस्वी रेघ जितकी रुंद, तितका तो तारा मुळात तेजस्वी, आणि मूळ तेज कळले की अंतर काढता येते. अशा तोलामोलाचा माणूस त्याआधीच मायदेशी परतला होता, नैनितालची वेधशाळा उभी करण्यात गुंतला आणि 1960 मध्ये कोडाईकनालच्या वेधशाळेचा संचालक झाला. याच कोडाईकनालला 1912 मध्ये आपल्या पुण्याची 20 इंची दुर्बीण गेली होती. भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून कावसजी नायगमवाला यांनी पुण्यात वेधशाळा उभारली होती. ते निवृत्त होताच ती मोडून सामान दक्षिणेला पाठवण्यात आले. हे पुणेकरांनाही फारसे ठाऊक नसते.

रात्रीच्या वेधांसाठी कोडाईकनालचे आकाश पुरेसे निरभ्र नाही, हे ओळखून बाप्पूंनी तामिळनाडूतील जवादी डोंगरांत कावळूर ही जागा हेरली. तेथे 1972 मध्ये एक मीटरची दुर्बीण बसली. पुढे 2.3 मीटरची दुर्बीण देशातच घडवायचा घाट त्यांनी घातला, परंतु ती पुरी होण्याआधीच, 19 ऑगस्ट 1982 रोजी, म्युनिक येथे त्यांचे निधन झाले. त्या वेळी ते आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाचे अध्यक्ष होते आणि संघाचे अधिवेशन ग्रीसमध्ये सुरू होते. 1986 मध्ये त्या दुर्बिणीला त्यांचे नाव देण्यात आले.

शताब्दीच्या अंकात त्यांचे छायाचित्र आपण छापालच. त्याच्या शेजारी धूमकेतू असलेली एखादी जुनी फोटोप्लेटही मोठ्या आकारात छापावी, मात्र तीवर बाण किंवा वर्तुळ काढू नये आणि उत्तर दुसऱ्या दिवशीच्या अंकात द्यावे. मुले तो डाग शोधत बसतील.

आपला विश्वासू,
एक निवृत्त शिक्षक, वाई